पाच दिवसांचं बेट

६ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न उघडताच बाजूला टाकाल अशी भीती आहे. टाकलंत तरी मला राग नाही. पण उघडलंच असेल तर शेवटपर्यंत वाचा, एवढं ऐका माझं.

आपण शेवटच्या भेटलो त्याला पावणेदोन वर्षं होतील. आपल्या बेडकीला शेवटचा निरोप द्यायला माणसं जमली होती. तुमची एकुलती एक लेक, माझी एकुलती एक सून. मी तुमच्या मागच्याच रांगेत उभी होते. तुमच्या स्वेटरचा एक धागा पाठीवर सुटून लोंबत होता, तो तोडून टाकावा असं सारखं मनात येत होतं, पण हात पुढे करायचा धीर झाला नाही. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत.

मुद्द्यावर येते. एक ट्रॅव्हल कंपनी साठीच्या पुढच्या लोकांसाठी पाच दिवसांची बेटावरची सहल काढते. खोल्या तळमजल्यावर, बाथरूममध्ये धरायला दांडा, बरोबर नर्स, दुपारी सक्तीची विश्रांती, चढण कुठेही नाही. जाहिरातीच्या चित्रात दोन म्हाताऱ्या नारळाच्या झाडाखाली गॉगल लावून बसल्यात आणि अशा हसताहेत की कवळीतले दात मोजून घ्यावेत.

बेट तेच आहे, जिथे आपली बेडकी गेली. लपवून काय करू?

माझा लंबू अजून तिथेच आहे, त्याच हॉटेलात. बोटी चालवणं सोडलं म्हणे. मी लिहिलेली पत्रं 'घेण्यास नकार' असा शिक्का मारून परत येतात. शेवटी मॅनेजरला लिहिलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, तुमचा मुलगा ठीक आहे. ठीक म्हणजे काय, हे आईला एका ओळीत कसं कळणार?

मला जायचंय. पण कंपनीचा नियम, ऐकू न येणाऱ्या माणसाबरोबर सोबत हवी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून मी अख्ख्या शहराची बोलणी जोडून दिली, आणि आता स्वतःचं शिंकणंही नीट ऐकू येत नाही. जवळचं म्हणावं असं सोबतीला कोणी उरलं नाही. तुम्ही याल?

फोन करू नका, मला ऐकू येणार नाही आणि तुमची चिडचिड होईल. लिहा.

तुमची बहिरी विहीण


१९ जानेवारी

विहीणबाई,

तुमचं पत्र बरेच दिवस फ्रीजवर पडून होतं. दूध काढताना दिसायचं. शेवटी उघडलं.

येते.

माझं स्वतःचं बुकिंग मी स्वतः करीन. मला रक्तदाबाची गोळी आहे, बाकी काही नाही. खोली शक्यतो वेगळी हवी, नसेल तर पलंग तरी लांब हवेत. आणि बोटीतून उतरायची सोय काय आहे, ते नीट विचारा. मला पोहता येत नाही. आयुष्यभर नगरपालिकेच्या तरणतलावावर तिकिटं फाडली, पण पाण्यात कधी पाऊल घातलं नाही. मला पाण्याची भीती वाटते. लोक हसतात, हसू देत.

तुमच्या मुलाला आपण येतोय हे आधी कळवू नका.

बेडकीची आई


२८ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार.

'येते' हा शब्द मी किती वेळा वाचला सांगू नये. शेजारणीलाही दाखवला. तिला वाटलं लॉटरी लागली.

कालच कंपनीच्या ऑफिसात जाऊन आले. तिथला पोरगेला साहेब आधी माझ्या कानात ओरडला, मग घसा बसल्यावर कागदावर लिहायला लागला. वेगळी खोली नाही. पण पलंगांच्या मध्ये कपाट आहे. मी घोरते म्हणतात. तुम्ही खुशाल ओरडा, मला ऐकू येणार नाही, म्हणजे भांडण व्हायचा प्रश्नच नाही.

बोटीचं विचारलं. धक्का आहे, पण भरतीच्या वेळेपुरता. ओहोटी असली की बोट जरा आत पाण्यातच थांबते आणि तिथून हॉटेलचा माणूस म्हाताऱ्यांना एकेक करून उचलून किनाऱ्यावर नेतो. साहेबानं लिहिलं, 'खूप मजबूत आहे, आजवर कोणाला पाडलं नाही.' मी म्हटलं, आमच्या विहीणबाईंना पाण्याचा थेंबही लागता कामा नये. त्यानं तसं टिपून घेतलं.

रबरी तळाची चप्पल घ्या, वाळू तापते. रुंद काठाची टोपी मी दोघींना घेते, तुमचं डोकं लहान आहे हे लग्नात पाहिलंय.

एक मनातलं लिहू? तुम्ही त्याला माफ केलंत, हे वाचून माझ्या छातीवरचा दगड उतरला. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण मी ओळींच्या मधलं वाचलं. ज्याला कानांनी कळत नाही त्याला ती सवय लागते.

तुमची,
बहिरी


९ फेब्रुवारी

विहीणबाई,

ओळींच्या मध्ये मी काहीही लिहिलं नव्हतं. तिथे कोरी जागा होती.

तुमचा गैरसमज वाढण्याआधी स्पष्ट सांगते. ती तीन वर्षांची असताना मी तिला खिडकीत माझ्या पायाशी बसवून तिकिटं फाडायचे. तिथल्या लाइफगार्डनं तिला उथळ पाण्यात सोडलं. ती पाय असे मारायची की तो म्हणाला, ही तर बेडकी आहे. शाळेत नाव वेगळं होतं, पण ते फक्त हजेरीपुरतं. तलाव बंद झाल्यावर मी हिशेब करत असायचे आणि ती एकटी पाण्यात असायची. पाण्याचा आवाज थांबला तरच मी मान वर करायचे. आवाज येतोय म्हणजे ती ठीक आहे, असं माझं गणित होतं. तिच्या केसांना क्लोरीनचा वास कायम. लग्नातसुद्धा होता.

अशी मुलगी बुडते कशी?

बोट उलटली तेव्हा चौघं पाण्यात पडली. तुमचा मुलगा, ती, आणि हॉटेलात उतरलेले एक म्हातारे नवराबायको. म्हातारी वाचली, म्हातारा वाचला, तुमचा मुलगा वाचला. जिला सगळ्यांत चांगलं पोहता येत होतं तेवढी गेली. कागदावर लिहिलं, अपघात. तुमच्या मुलानं मला एक शब्द सांगितला नाही. खाली मान घालून उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी परत निघून गेला.

मी त्याच्यासमोर उभी राहून विचारणार आहे. मला त्यासाठीच यायचंय, टोपी घालून झाडाखाली बसायला नाही. तो प्यायलेला होता का, त्यांचं भांडण झालं होतं का, त्यानं तिला सोडून स्वतःचा जीव वाचवला का, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.

आता मी बरोबर नको असेन तर तसं कळवा.

बेडकीची आई


१६ फेब्रुवारी

विहीणबाई,

तुम्ही हव्या आहात.

विचारा. माझ्यासमोर विचारा. मलाही माहीत नाही. मी त्याच्या ओठांकडे बघत बसेन. लहानपणी खोटं बोलताना त्याचा खालचा ओठ आत जायचा.

टोपी घेतलीच आहे. नाही आवडली तर घालू नका.

बहिरी


३ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

वाईट बातमी. कंपनीच्या डॉक्टरनं मला नापास केलं. गुडघा. बोटीत चढता-उतरताना दगा देईल म्हणाला. मी टेबलावर चढून दाखवते म्हटलं, पण तो हसला नाही.

तुम्ही जा. माझी शपथ आहे. तुम्हाला सोबतीची अट नाही, मी विचारून घेतलंय. तुम्ही गेला नाहीत तर पुन्हा कधी जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. जो प्रश्न विचारायचाय तो विचारा, मी नसले तरी विचारा. आणि उत्तर काहीही असो, मला जसंच्या तसं कळवा. गाळू नका.

वर एवढंच बघा, की तो कसा दिसतो. वाळलाय का. केस पिकले का. त्याच्या वडलांचे तिशीतच पिकले होते. माझा निरोप काही देऊ नका. मी आजारी आहे असंही म्हणू नका. गुडघ्याचं कोणी आजारपण म्हणतं का?

तुमची टोपी पार्सलनं पाठवलीय.

बहिरी


१८ मार्च, बेटावरून

विहीणबाई,

जसंच्या तसं लिहा म्हणालात, तसं लिहिते. बसून वाचा.

आम्ही अठरा म्हातारे आणि एक नर्स. नर्सच्या गळ्यात शिट्टी आहे. एक निवृत्त स्टेशनमास्तर आहेत, ते दर वेळी घड्याळ बघून बोट किती उशिरा आली ते सर्वांना सांगतात. एक दंतवैद्य बाई आहेत, त्या बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडात बघतात. माणसं चांगली आहेत. मी त्यांच्यात फारशी मिसळले नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. बोट थांबली. पाणी तळापर्यंत दिसत होतं, आमच्या तलावाच्या फरशीसारखं निळं. कमरेएवढ्या पाण्यात एक उंच माणूस उभा होता आणि एकेकाला दोन्ही हातांवर घेऊन वाळूवरच्या खुर्चीत नेऊन ठेवत होता. सामान ठेवावं तसं नाही. काळजीनं. प्रत्येकाला आधी सांगायचा, आता उचलतो. मग, आता ठेवतो.

तो तुमचा मुलगा होता. केस पिकलेत. सगळे. वाळला नाहीय, खांदे भरलेत, पण चेहरा बसलाय.

माझी पाळी शेवटची. त्यानं हात वर केले आणि मग माझं तोंड पाहिलं. हात तसेच वर राहिले.

मी म्हटलं, "मी चालत जाईन."

"आई, पाणी कमरेएवढं आहे."

"मग पाणी उतरेपर्यंत बसते."

नर्सनं शिट्टी फुंकली. स्टेशनमास्तर घड्याळ बघायला लागले. त्यानं काही न विचारता मला उचललं. "मान घट्ट धरा," म्हणाला. मी धरली नाही. हात मांडीवर ठेवून बसले. पडले असते तर पडले असते. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की माझ्या बरगड्यांना कळत होतं. "आता ठेवतो," म्हणाला आणि ठेवलं. पायाला पाणी लागलं नाही.

दोन दिवस तो मला चुकवत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपल्यावर मी मागच्या शेडमध्ये गेले. तो खुर्च्यांवरचं मीठ नळीच्या पाण्यानं धूत होता. मला बघून नळ बंद केला. लग्नानंतर मी त्याला अहो-जाहो करायचे, जावई म्हणून. तिथे पहिल्यांदा अरे-तुरे तोंडातून आलं.

"त्या दिवशी काय झालं ते सांग. मी त्यासाठी आलेय."

तो ओल्या खुर्चीवर बसला. मी उभीच राहिले. सांगताना त्याचा ओठ एकदाही आत गेला नाही, विहीणबाई. मी लक्ष ठेवून होते.

त्या दिवशी तो त्या म्हाताऱ्या जोडप्याला प्रवाळ दाखवायला घेऊन गेला होता. बेडकीला कामावरून सुट्टी होती, म्हणून ती सहज बरोबर गेली. भांडण नव्हतं. प्यायलेला नव्हता. ऊन फार होतं, म्हातारीला लाइफ जॅकेटात गुदमरायला होत होतं, म्हणून यानं दोघांनाही जॅकेट काढू दिलं. ही याची चूक, तो म्हणाला, ही पहिली. परत येताना खडकांपाशी एका मागोमाग दोन लाटा आल्या आणि बोट उलटली.

"वर आलो तेव्हा तिघंही दिसत होते," तो म्हणाला. "आजी सगळ्यांत जवळ होत्या, आजोबा जरा पुढे, आणि ती पलीकडे. ती लांब होती, पण मला वाटलं, ती तर पोहेल. तिची मला काळजीच वाटली नाही. मी आजींना धरलं आणि बोटीच्या पाठीवर चढवलं. मग आजोबांना. ते माझ्या गळ्याला मिठी मारून बसले होते, सोडत नव्हते."

"मग?"

"मग वळलो, तर ती नव्हती."

मी विचारलं, "ती काही म्हणाली का?" मला काय ऐकायचं होतं कोण जाणे. त्यांना आधी वाचव, असं काहीतरी असेल. आपली मुलगी तसं म्हणाली असेल असं कोणाला वाटणार नाही?

नळाचं पाणी ठिबकत होतं.

"म्हणाली असती तर बरं झालं असतं, आई. ती मला हाका मारत होती."

"तू ऐकलंस?"

"ऐकलं. मला वाटलं, घाबरलीय. मी ओरडून सांगितलं, बेडके, तू पोह, मी आलोच. बोट उलटताना काठ तिच्या खांद्यावर बसला होता, तिचा हात उचलतच नव्हता. ते मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा मला फक्त तिचं डोकं दिसत होतं."

हे तुम्हाला लिहू नये असं एकदा वाटलं. पण गाळू नका म्हणालात.

मी त्याला मारलं नाही. रडलेही नाही. मी म्हटलं, "तिला पोहायला मी घातलं." तो म्हणाला, "हो." बस, एवढंच. तिला पोहता येत नसतं तर तो आधी तिच्याकडे गेला असता. हे आम्हा दोघांना त्या शेडमध्ये एकाच वेळी कळलं असं नाही. त्याला आधीपासून माहीत होतं, मला तेव्हा कळलं.

मला वाटलं होतं, खरं काय ते ऐकलं की एक काहीतरी होईल. राग धरून बसेन किंवा सोडून देईन. तसं झालं नाही. राग आहे तेवढाच आहे, फक्त तो आता कोणावर टाकावा ते कळत नाही. त्यानं दोन माणसं वाचवली. तो वाईट नाही. मी त्याच्याकडे बघू शकत नाही.

उद्या परत निघतोय. भरती असावी एवढीच इच्छा आहे, म्हणजे धक्क्यावरून पायांनी जाता येईल.

बेडकीची आई


३० मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र बसूनच वाचलं. हल्ली उभं राहणं तसंही होत नाही.

माझ्या पोरानं तुमच्या पोरीची हाक ऐकली आणि तिला थांब म्हटलं. मी त्याची आई आहे, यावर मी तुम्हाला काय म्हणणार? दिवसभर लोकांना 'थांबा, लाइन जोडते' म्हणण्यात माझा जन्म गेला. कितीजण पलीकडे थांबून राहिले असतील, मला कधी प्रश्न पडला नाही.

आता माझं खरं सांगते. गुडघा ठणठणीत आहे. पोटात गाठ आहे, आणि ती आता यकृतात उतरलीय. जानेवारीत पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे माहीत होतं. मी जाऊ शकणार नाही हेही बहुतेक माहीत होतं. कंपनीची सोबतीची अट खरी आहे, पण तुम्हाला मी माझ्या सोबतीला मागितलं नव्हतं. तुम्ही एकदा त्याच्यासमोर जावं म्हणून मागितलं. त्याला माझी भीती नाही, तुमची आहे. मला वाटलं, तुम्ही त्याला चार शिव्या द्याल, थोबाडीत माराल, आणि मग तो घरी येऊ शकेल. माझं गणित चुकलं.

डॉक्टर म्हणतात उन्हाळा निघेल, किंवा नाही. तो माझं पत्र उघडत नाही. तुमचं उघडेल. दोन शब्द लिहा, घरी जा म्हणून. यापेक्षा जास्त मागायचं तोंड मला नाही. एवढं मागायलाही नाही, पण मागते.

बहिरी


६ एप्रिल

विहीणबाई,

तुम्ही मला टोपी पाठवलीत, बोटीचं विचारून ठेवलंत, पाण्याचा थेंब लागू नये म्हणून सांगितलंत, आणि या सगळ्यात मला तुमच्या कामाला जुंपलंत. मला तिकीट काढून बसवलंत आणि गाडी कुठे जाते ते सांगितलं नाहीत.

तुमच्या आजाराचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मी त्याला लिहिणार नाही. तुम्ही जाण्याआधी तुमचा मुलगा दारात दिसावा असं तुम्हाला वाटतं. कोणत्या आईला नाही वाटणार? मलाही वाटतं, आणि माझ्यासाठी कोणीही कुठेही दोन शब्द लिहू शकत नाही.

उत्तर पाठवू नका.

बेडकीची आई


२ मे, तुझ्या आईच्या घरून

लंबू,

पाकिटावर माझं अक्षर आहे म्हणून उघडशील, असं तुझी आई म्हणते. ती बरोबर आहे का ते कळेलच.

तुझ्या आईच्या पोटात गाठ आहे. आता ती घरात चालतसुद्धा नाही. मी तिला रागानं लिहिलं होतं, उत्तर पाठवू नका, आणि तिनं खरंच पाठवलं नाही. तीन आठवडे माझी टपालपेटी रिकामी राहिली. त्या रिकाम्या पेटीनं मला जे केलं ते तिच्या कुठल्या पत्रानं केलं नव्हतं. बस धरून आले. दार शेजारणीनं उघडलं. तुझी आई पलंगावर होती. मला बघून पहिलं काय म्हणाली माहीत आहे? "टोपी घातलीत का तिकडे?" मी हो म्हटलं. घातली नव्हती.

तेव्हापासून इथेच आहे. ती मोठ्यानं बोलते, मी पाटीवर लिहिते. तिला भरवणं जमतं मला, आंघोळ घालायला नर्स येते. दिवसातून एकदा तरी तुझं नाव निघतं, आणि नाव निघालं की ती माझ्या तोंडाकडे बघते आणि गप्प होते. हे मला सहन होत नाही. माझ्यासमोर तिला तिच्या मुलाची आठवण चोरून काढावी लागते.

मी तुझ्यासाठी लिहीत नाही. माफ केलं म्हणून तर नाहीच. तिच्यासाठी लिहितेय. पत्र मिळताच निघ. तुला मी घरात दिसायला नको असेन तर मी शेजारणीकडे जाऊन बसेन.

बेडकीची आई


१४ मे

आई,

पत्र मिळालं. उघडलं.

मी तीन वेळा बॅग भरली. एकदा बोटीत बसलोसुद्धा. बोट सुटायच्या आधी उतरलो.

तुम्ही शेडमध्ये उभ्या होतात तेव्हा मी सांगू शकलो, कारण तुम्हाला विचारायचा हक्क होता. माझ्या आईला मी काय सांगू? ती मला काही विचारणार नाही. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवील, आणि म्हणेल, तू दोन माणसं वाचवलीस. ते मला तिच्या तोंडून ऐकवणार नाही. मी म्हाताऱ्या माणसांना दिवसभर उचलून नेतो, ते जाताना हात हातात घेऊन म्हणतात, देव तुझं भलं करो. तेवढंच मला पेलत नाही, तिचं कसं पेलेल?

मी कधीतरी येईन. आत्ता होत नाही. तिला सांगू नका की मी लिहिलं.

तुम्ही तिथे आहात याचे उपकार कसे मानू कळत नाही, म्हणून मानत नाही.

लंबू


२६ मे

लंबू,

तुझी आई काल सकाळी गेली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी तिला बरं वाटत होतं. तिनं पोस्टमनला खिडकीतून पाहिलं होतं. मी आत आले तर विचारलं, "त्याचं आहे ना?" तिला ऐकू येत नव्हतं, पण दिसत सगळं होतं. पाकीट माझ्या हातात होतं. मी मान डोलावली. ती हात पुढे करून बसली. मी पत्र दिलं नाही. मी पाटी घेतली आणि लिहिलं, "निघालाय."

तिनं वाचलं. चष्मा पदरानं पुसून परत वाचलं. मग माझ्या हातातून खडू घेतला आणि स्वतः खाली लिहिलं. तिला बोलता येत होतं, तरी लिहिलं. "समुद्र शांत आहे ना?"

मी लिहिलं, "हो."

त्या दिवसापासून तिनं दुखतंय म्हणून एकदाही तक्रार केली नाही. केस विंचरून घेतले. शेजारणीकडून तुझी खोली झाडून घेतली, गादी उन्हात टाकायला लावली. पलंग फिरवून दाराकडे तोंड करून घेतला. बेल वाजलेली कळणार नाही म्हणून दार दिवसभर सताड उघडं. गल्लीतलं मांजर दोनदा आत येऊन गेलं. कोणाची सावली पडली की ती मान उचलायची. पेपरवाला, इस्त्रीवाला, समोरचा म्हातारा. प्रत्येकासाठी उचलायची. मी पाटीवर रोज काहीतरी लिहीत गेले. बोट उशिरा सुटली. गाडी चुकली. उद्याची मिळेल. मला इतकं खोटं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. तिला खरं कळलं होतं का, सांगता येत नाही. शेवटच्या दोन दिवसांत तिनं विचारायचं बंद केलं, पण पलंग फिरवू दिला नाही.

काल सकाळी मी चहा ठेवायला आत गेले आणि परत आले तोवर झालं होतं. डोळे दाराकडेच होते. मी मिटले.

तिच्या अंत्यविधीला शेजारची मंडळी होती आणि एक्स्चेंजमधल्या दोन म्हाताऱ्या. पुढे कोण उभं राहणार असं कोणीतरी विचारलं. मी उभी राहिले.

आता तुला एवढंच सांगायचंय. ती तुला म्हणाली नसती, की तू दोन माणसं वाचवलीस. मी तिच्याबरोबर महिनाभर राहिले, मला माहीत आहे. एकदा मीच तिला पाटीवर लिहून विचारलं, तो आला तर काय म्हणाल? ती म्हणाली, "जेवलास का विचारीन. आणखी काय विचारतात पोराला?" तू तिच्या ज्या शब्दांना घाबरून बोटीतून उतरलास, ते तिच्या मनातही नव्हते.

मला तुझा राग आहे. बेडकीमुळे होता तो आहेच, आणि आता त्यावर हा दुसरा. पहिल्याचं मी समजू शकते. पाण्यात माणसाला काय सुचतं ते मला माहीत नाही, मी पाण्यात कधी गेले नाही. पण तू वाळूवर उभा होतास, लंबू. बोट समोर होती.

घर मी बंद केलेलं नाही. तिचे कपडे, भांडी, तुझ्या वडलांचा रेडिओ, सगळं आहे तसं आहे. यातलं काय कोणाला द्यायचं ते मी ठरवणं बरोबर नाही, आणि मी थकलेय. मी तिला लिहिलं की तू निघालायस. ती त्याच भरवशावर गेली. हे खोटं मला एकटीला पेलत नाही.

निघ.

बेडकीची आई